जंतांच्या औषधाची मराठी

समीक्षेसाठी औषधाचे सूचनापत्र निवडणे काही वाचकांना विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु जो मजकूर वाचून माणूस काही तरी करतो आणि ज्याचे फळ त्याला किंवा त्याच्या मुलाला भोगावे लागते, त्या मजकुराकडे भाषेच्या अभ्यासकाने पाठ फिरवणे योग्य नव्हे. २०१५ पासून आपल्या देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळांतून आणि अंगणवाड्यांतून आल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. गोळीच्या आगेमागे कागद येतात: पालकांसाठी पत्रक, शिक्षकांसाठी सूचना, भिंतीवर लावावयाचे फलक. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुकानातून आणलेल्या गोळ्यांबरोबरही पुष्कळदा घडी घातलेला एक कागद असतो. तो बहुधा इंग्रजीत असतो, आणि त्याचे मराठी रूपांतर दुकानदार, शेजारी किंवा घरातील शिकलेला मुलगा तोंडी करीत असतो. लिखित आणि तोंडी अशा या सर्व गद्याला मी येथे 'जंतांच्या औषधाची मराठी' म्हणत आहे. कोणा एका संस्थेच्या एका पत्रकावर हा लेख नाही. धाटणी सर्वत्र जवळजवळ एकच आहे, आणि ज्या दोषांविषयी मला लिहावयाचे आहे ते त्या धाटणीचे आहेत.

हे गद्य दुर्बोध आहे, संस्कृतप्रचुर आहे, त्यात इंग्रजी शब्द फार आहेत, अशा तक्रारी नेहमी ऐकू येतात. त्या खऱ्या असल्या तरी वरवरच्या आहेत. माझा आक्षेप निराळा आहे. हे कागद लिहिणारा असे गृहीत धरतो की, वाचकाचे मन या विषयापुरते कोरे आहे आणि त्यावर आपण प्रथमच काही लिहीत आहोत. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. मराठी घराला जंतांची भाषा फार पूर्वीपासून अवगत आहे. तिची क्रियापदे ठरलेली आहेत, तिचे पथ्य ठरलेले आहे, औषध गुणकारी ठरले की नाही हे ओळखण्याची तिची खूणही ठरलेली आहे. ती सारी भाषा दुसऱ्याच औषधांसाठी घडली. नवा कागद तिच्याशी वाद घालत नाही, तिची दखलही घेत नाही. म्हणून तो वाचला जातो तो तिच्याच प्रकाशात, आणि चुका तेथे होतात.

ही जुनी भाषा प्रथम पाहू. 'जंत' हा शब्द 'जन्तु' या संस्कृत शब्दापासून आला. मात्र मुळात कोणत्याही प्राण्याला लागू असलेला तो शब्द मराठीत पोटातील कृमींपुरता आकसला. चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमींचे वीस प्रकार सांगून चिकित्सा तीन प्रकारची सांगितली आहे: कृमी ओढून बाहेर काढणे, म्हणजे अपकर्षण, ज्या परिस्थितीत ते वाढतात ती मोडणे, म्हणजे प्रकृतिविघात, आणि ज्या कारणांनी ते होतात ती टाळणे. यांपैकी पहिल्या प्रकाराने लोकभाषेवर सर्वांत खोल ठसा उमटवला. वावडिंग, किरमाणी ओवा, पळसपापडी, कपिला, डाळिंबाच्या मुळाची साल ही नावे आपल्या आज्यांच्या तोंडी होती, आणि या सर्वांच्या पुढे क्रियापद एकच येई: जंत 'पाडणे'.

हे क्रियापद बारकाईने पाहण्यासारखे आहे. 'पडणे' या अकर्मक धातूचे हे प्रयोजक रूप. आंबे पाडतात, दात पाडतात, भिंत पाडतात. प्रत्येक ठिकाणी जी वस्तू आधी वर, आत किंवा उभी होती ती खाली येऊन डोळ्यांना दिसते. पाडलेली वस्तू दिसली पाहिजे, ही अपेक्षा क्रियापदाच्या अर्थातच आहे. आणि औषधविद्येच्या दृष्टीने ही अपेक्षा एके काळी रास्त होती. किरमाणी ओव्यापासून मिळणारे सांतोनिन किंवा विसाव्या शतकाच्या मध्यास आलेले पायपरॅझिन घ्या. ही द्रव्ये गोल जंताला मारण्यापेक्षा त्याला लुळा पाडतात. आतड्याला धरून राहण्याची त्याची शक्ती जाते आणि तो मळाबरोबर बाहेर येतो. सांतोनिनच्या काळी त्याला बाहेर ढकलण्यास रेचक देत. म्हणून रात्री हलके जेवण, सकाळी औषध, मागून एरंडेल, आणि मग 'पडले का?' हा प्रश्न. या चार पायऱ्यांचा विधी होता आणि त्यातील प्रत्येक पायरीला कारण होते. (सांतोनिनने काही काळ सारे पिवळे दिसू लागे, मात्रा वाढली तर प्रकरण जिवावरही बेते. 'घरगुती' म्हणजे निर्धोक ही समजूत या एका औषधाने कायमची नाहीशी व्हावयास हवी होती. किरमाणी ओवा ज्या वनस्पतिवंशातला त्याच वंशातला आपला दवणा आहे, आणि २०१५ चे नोबेल पारितोषिक ज्या हिवतापाच्या औषधास मिळाले ते आर्टेमिसिनिनही त्याच वंशातील वनस्पतीचे.)

आल्बेंडाझोलचे कार्य या विधीत बसत नाही. ते जंताच्या पेशींतील सूक्ष्म नलिकांची घडण बिघडवते, त्याला साखर शोषून घेता येत नाही, आणि तो उपासमारीने काही दिवसांत मरतो. मेलेला जंत कधी दिसतो, कधी आतड्यातच विरून जातो. उपवास नको, रेचक नको. आतड्यातील नेहमीच्या जंतांसाठी बहुधा ४०० मि.ग्रॅ.ची एकच गोळी असते. १ ते २ वर्षांच्या बाळाला तिची अर्धी. म्हणजे हे औषध जंत 'मारते', 'पाडीत' नाही. कागदावर 'जंतनाशक' असे लिहिलेले असते आणि ते अर्थाने अगदी बरोबर आहे. परंतु तो समास नामाच्या जागी बसतो. घरात चालते ते क्रियापद, आणि ते जुनेच राहते.

याचा परिणाम मी सदाशिव पेठेतील आमच्याच वाड्यात पाहिला आहे. शेजारच्या एका मुलाला शाळेत गोळी मिळाली. दोन दिवस आजीने रोज विचारले, 'पडले का रे?' पडले नव्हते. तिसऱ्या दिवशी दुकानातून दुसरी गोळी आणून दिली गेली आणि चौथ्या दिवशी पहाटे एरंडेल. मुलगा दिवसभर शौचाला जाऊन गळून गेला, यापलीकडे काही झाले नाही. आजी निरक्षर नव्हती. शाळेतून आलेला कागद तिने चष्मा लावून वाचला होता. त्यात जंतांमुळे होणाऱ्या पंडुरोगाची माहिती होती, हात धुण्याची सूचना होती, गोळी सुरक्षित असल्याचे आश्वासन होते. तिला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते ते मात्र त्यात नव्हते. 'या गोळीने जंत पडलेले दिसतीलच असे नाही. दिसले नाहीत म्हणून पुन्हा गोळी देऊ नका, एरंडेलही देऊ नका' एवढ्या एका वाक्याने काम झाले असते. ते वाक्य कोणाला सुचले नाही, कारण आजीच्या मनात कोणते क्रियापद आहे याचा विचार लिहिणाऱ्याने केला नव्हता.

आता पोटाकडे वळू. या बाबतीत मराठी इतकी संपन्न आहे की, अनुवादकांचे दारिद्र्य पाहून नवल वाटते. 'अनशापोटी' म्हणजे सकाळी उठल्यावर चहापाणीही न घेता. 'उपाशीपोटी' यात भुकेची, क्वचित उपासाची छटा आहे. 'जेवणावर' म्हणजे जेवून उठल्याबरोबर. 'भरल्या पोटी', 'काही तरी पोटात घालून', 'दोन घास खाऊन' हे आणखी निराळे. इंग्रजी कागदातील सूचनेचे भाषांतर करताना या सर्वांच्या जागी 'रिकाम्या पोटी' आणि 'जेवणानंतर' अशी दोनच नाणी वापरली जातात. जेवणानंतर म्हणजे किती वेळाने? आणि मुख्य म्हणजे, का?

हे 'का' सांगितले नाही तर एकाच औषधाच्या दोन सूचना परस्परविरोधी वाटतात. आल्बेंडाझोल आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते. जंत आतड्यातच असेल तर ते रक्तात उतरण्याची गरज नसते; जेवणाचा प्रश्न तेथे गौण आहे. परंतु पट्टकृमीचे कोश मेंदूत झाले असतील, तर औषधाने रक्तातून तेथवर पोहोचले पाहिजे; स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यास रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे पाच पटींपर्यंत वाढते, म्हणून तेथे तूपतेल असलेल्या जेवणाबरोबरच ते घ्यावयाचे असते. आयव्हरमेक्टिनची गोष्ट उलटी. त्याच्या अमेरिकेतील अधिकृत माहितीपत्रकात ते उपाशीपोटी पाण्याबरोबर घेण्यास सांगितले आहे. स्निग्ध जेवणाबरोबर ते सुमारे अडीच पट अधिक शोषले जाते. आपल्याकडील हत्तीरोगाच्या मोहिमेत मात्र तेच औषध इतर दोन औषधांबरोबर देतात, आणि तेथे उपाशीपोटी घेऊ नका असे बजावतात. दोन्ही सूचना आपापल्या जागी योग्य आहेत. पण ज्याने एक वाचली आहे आणि दुसरी ऐकली आहे, त्याचा दोन्हींवरचा विश्वास उडतो. कागदाने नियम द्यावा आणि कारण गाळावे ही आपल्या सूचनागद्याची जुनी खोड आहे. जागा वाचवण्याच्या नावाखाली जी वाक्ये कापली जातात त्यांत 'म्हणून' आणि 'कारण' असलेली वाक्ये आधी जातात.

मेंदूतील कोशांचा उल्लेख आला आहे तर तेथे थोडे थांबावे लागेल, कारण 'जंतनाशक' या एका छत्राखाली किती भिन्न गोष्टी येतात हे तेथे स्पष्ट होते. आतड्यातील जंतांना एक गोळी. तेच औषध मेंदूतील कोशांसाठी दररोज वजनाच्या हिशेबाने, आठवडाभर किंवा कित्येक आठवडे, आणि तेही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. कारण कोशातील कृमी मरू लागला की त्याच्याभोवती सूज येते, आणि मेंदूतील सूज म्हणजे फेफऱ्याचा झटका. ती आवरण्यासाठी स्टेरॉइड द्यावे लागते, डोळ्यांत कोश नाहीत ना हे आधी पाहावे लागते, उपचार चालू असताना रक्त आणि यकृत यांची तपासणी होत राहते. म्हणून ज्याला पूर्वी कधी फिट आली आहे त्याने जंतांच्या कोणत्याही औषधापूर्वी डॉक्टरांना तसे सांगितले पाहिजे. हा रोग मांसाहाऱ्यांनाच होतो ही समजूतही चूक आहे. दूषित पाणी, न धुतलेली पालेभाजी आणि अस्वच्छ हात यांतून पट्टकृमीची अंडी कोणाच्याही पोटात जातात. खरजेचा किडा तर कृमीही नव्हे, तरी त्यावर आयव्हरमेक्टिन देतात, आणि पहिल्या मात्रेनंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी ते पुन्हा घ्यावे लागते. अशा स्थितीत 'जंतांची गोळी द्या हो' असे दुकानात म्हणणे म्हणजे 'किल्ली द्या' असे म्हणण्यासारखे आहे. कोणत्या कुलुपाची हे सांगितलेलेच नसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीचे प्रयोजन नेमके हे न सांगितलेले सांगण्याचे असते.

आता क्रियाविशेषणांकडे येऊ. आल्बेंडाझोलची गोळी बहुधा चावून खाण्याची असते. मराठीत चावणे, चघळणे, चोखणे, विरघळवणे, गिळणे या पाच स्वतंत्र क्रिया आहेत आणि त्यांत गल्लत होण्याचे काही कारण नाही. तरीही 'चघळून खावी' असे सर्रास म्हटले जाते. चघळणे म्हणजे तोंडात घोळवत ठेवणे. लिमलेटची गोळी चघळतात. लहान मुलाने मोठी, कोरडी गोळी तोंडात घोळवत ठेवावी आणि तेवढ्यात त्याला हसू किंवा रडू यावे, यात धोका आहे. इतर देशांतील मोहिमांत गोळी घशात अडकून लहान मुले दगावल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, आणि लहान मुलांना गोळी चुरूनच, पाण्यात कालवून द्यावी, रडणाऱ्या मुलाचे नाक दाबून जबरदस्तीने देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने बजावले आहे. येथे एका धातूच्या निवडीवर मुलाचा श्वास अवलंबून आहे. 'दोन चमच्यांमध्ये गोळी चुरा, पाण्यात कालवा, मूल शांत बसले असताना पाजा' हे कोणत्याही आईला समजते. 'चूर्ण करून देण्यात यावी' यात चूर्ण कोणी करावयाचे, शिक्षकाने की आईने, हेसुद्धा कळत नाही.

आणि येथे आपण या गद्याच्या मुख्य व्याकरणिक दोषाशी येतो. 'देण्यात यावी', 'घेण्यात यावी', 'काळजी घेतली जावी' या रचनेतून कर्ता नाहीसा होतो. कचेरीच्या पत्रव्यवहारात तो नाहीसा होणे सोयीचे असते. कोणावर जबाबदारी ठरू नये हाच तेथे कित्येकदा हेतू असतो. औषधाच्या सूचनेत कर्ता नाहीसा झाला की काम कोणीच करत नाही, किंवा दोघे करतात आणि एका मुलाला दोनदा गोळी जाते: एकदा शाळेत, एकदा घरी.

विध्यर्थाचा विचार त्याहून नाजूक आहे. आपल्या व्याकरणकारांनी विध्यर्थाला कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा असे अनेक अर्थ दिले आहेत. 'मुलांनी आईवडिलांची आज्ञा पाळावी' यात कर्तव्य आहे; 'आता पाऊस यावा' यात इच्छा. 'गरोदर स्त्रियांनी ही गोळी घेऊ नये' हे वाक्य त्याच साच्यातले, म्हणून ते 'खोटे बोलू नये' या सुभाषिताच्या सुरात वाचले जाते: मान्य आहे, पण आज आणि आत्ता ते मला लागू आहे असे वाटत नाही. आई मुलाला विस्तवापासून दूर करताना 'हात लावू नये' म्हणत नाही, 'हात लावू नकोस' म्हणते. 'नये' हा उपदेशाचा निषेध आहे आणि 'नको', 'नका' हा धोक्याचा. आपल्या भाषेत हा भेद जन्मजात असताना सूचनापत्रांत सर्वत्र 'नये'च का असावे? ते अधिक सभ्य वाटते, एवढेच कारण मला दिसते.

'नये'ला काळही नसतो. 'आजारी मुलाला गोळी देऊ नये' असे वाचून ताप असलेल्या मुलाला त्या दिवशी गोळी न देणे योग्यच आहे. परंतु मूल बरे झाल्यावर, मोहिमेतच त्यासाठी ठेवलेल्या पुढच्या दिवशी, ती द्यावयाची असते. 'आज नको, बरे वाटल्यावर द्या' या पाच शब्दांत जे सांगता येते ते 'नये'च्या दोन अक्षरांत बुडून जाते, आणि एरवी अशक्त असलेले, म्हणजे ज्याला जंतांचा त्रास अधिक असण्याचा संभव आहे तेच मूल वगळले जाते. गरोदरपणाच्या बाबतीत तर प्रश्नच बदलला पाहिजे. आल्बेंडाझोल विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत टाळतात. त्या काळात पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत हे ठाऊकच नसते. 'गरोदर आहात का?' याला त्या प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतील. 'पाळी चुकली आहे का?' असे विचारले पाहिजे. सूचनापत्रांत हा शब्द येत नाही, कारण तो लिहिण्यास संकोच वाटतो. आणि या संकोचाची किंमत लिहिणारा देत नाही.

हत्तीरोगाच्या मोहिमेचा उल्लेख वर आला. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील वाचकांना ती परिचित आहे. देशव्यापी सामुदायिक औषधोपचाराला २००४ मध्ये आरंभ झाला, आणि २०१९ च्या जानेवारीत नागपूर जिल्ह्यात तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली: डीईसी वयाप्रमाणे, आल्बेंडाझोल सर्वांना एक, आणि आयव्हरमेक्टिन उंचीप्रमाणे. ९० ते ११९ सें.मी. उंचीला ३ मि.ग्रॅ.ची एक गोळी, १२० ते १४० ला दोन, १४१ ते १५८ ला तीन, त्याहून उंच माणसाला चार, ९० सें.मी.हून कमी उंचीच्या बालकाला मुळीच नाही. वजनाच्या काट्यापेक्षा खुणा केलेली काठी दारोदार नेणे सोपे, म्हणून ही योजना. म्हणजे उंच, धडधाकट माणसाच्या तळहातावर डीईसीच्या तीन, आल्बेंडाझोलची एक आणि आयव्हरमेक्टिनच्या चार अशा आठ गोळ्या येतात, आणि त्या कर्मचाऱ्यासमोर घ्यावयाच्या असतात. ज्याला काहीही होत नाही त्याने आठ गोळ्या का घ्याव्यात? 'हत्तीरोग', 'हत्तीपाय' ही नावे रोगाच्या शेवटच्या अवस्थेची आहेत. ज्याचा पाय सुजला नाही त्याला ती नावे लागू होत नाहीत असे तो मानतो, आणि भाषेच्या दृष्टीने त्याचे बरोबरच आहे. त्याच्या रक्तात रात्री फिरणाऱ्या सूक्ष्म कृमींना लोकभाषेत नावच नाही. ज्याला नाव नाही त्याच्यावर औषध घ्या म्हणणे कठीण आहे. 'उंचीप्रमाणे' या शब्दयोगी अव्ययाचे महत्त्वही कोणी समजावून सांगत नाही. पतीला चार मिळाल्या म्हणून ठेंगण्या पत्नीने चार मागाव्यात, किंवा उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून पुढे खाजेसाठी घ्याव्यात, हे तिच्या दृष्टीने अतार्किक नाही.

याच औषधाची दुसरी कथा गोव्यातील आहे. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाची दुसरी लाट भरात असताना, गोवा शासनाने १८ वर्षांवरील सर्वांनी प्रतिबंधक उपाय म्हणून आयव्हरमेक्टिन १२ मि.ग्रॅ. दररोज, पाच दिवस घ्यावे असे जाहीर केले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी मार्चमध्ये, करोनासाठी हे औषध केवळ वैद्यकीय चाचण्यांपुरतेच वापरावे, असे सांगितले होते. पुढे २०२१ च्या सप्टेंबरात केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतूनही ते वगळले गेले. त्या निर्णयाच्या वैद्यकीय गुणदोषांत शिरण्याचा मला अधिकार नाही. त्याच्या वाक्याविषयी बोलण्याचा आहे. साठ किलो वजनाच्या माणसाला कृमींसाठी जी मात्रा एकदा देतात, ती १२ मि.ग्रॅ.च होय. येथे ती पाच वेळा झाली, आणि वजन, उंची, गरोदरपण, चालू असलेली इतर औषधे या साऱ्या अटी 'सर्वांनी' या एका शब्दात वितळून गेल्या. औषधाच्या वाक्यात 'सर्वांनी' हा कर्ता जवळजवळ नेहमी खोटा असतो. हत्तीरोगाच्या मोहिमेतही 'सर्वांनी' म्हणतात, पण तेथे निदान पुढे काठी येते.

मोहिमेच्या मराठीतील सर्वांत अवघड शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे: 'दुष्परिणाम'. गेल्या वर्षी एम.ए.च्या वर्गाबरोबर आम्ही पालकांसाठी असा एक कागद स्वतःच लिहून पाहिला. 'पाडणे' आणि 'मारणे', 'नये' आणि 'नका', 'चुरा' आणि 'पाजा' यांवर फारसा वाद झाला नाही. 'दुष्परिणाम' शब्दापाशी गाडी अडली. हत्तीरोगाच्या गोळ्या घेतल्यावर काहींना ताप येतो, डोके दुखते, अंग मोडून येते, मळमळते. आल्बेंडाझोलनेही, विशेषतः पोटात जंत फार असतील तर, पोटात दुखते किंवा उलटी होते. यांतील बराचसा त्रास औषधाच्या स्वभावाने होत नसून शरीरातील कृमी मरत असल्यामुळे होतो, आणि तो बहुधा एकदोन दिवसांत आपोआप शमतो. 'दुष्परिणाम' म्हटले की कर्तृत्व औषधाकडे जाते. दुसरीकडे, अंगावर गांधी उठणे, श्वास लागणे, फिट येणे, ताप न उतरणे ही लक्षणे खरोखरच तातडीची असतात, आणि त्यांना सौम्य शब्दाखाली झाकणे पाप होईल. म्हणून एकच शब्द दोन्हींना पुरणार नाही, एवढे ठरले.

त्या वेळी भंडारा जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने तिच्या घरची हकीकत सांगितली. आजीने गोळ्या घेतल्या आणि रात्री तिला ताप भरला. आजी म्हणाली, 'औषध बाधले.' पुढच्या वर्षी तिने गोळ्या घेतल्या नाहीत. शेजारच्या बाईंना काहीच झाले नाही. त्या म्हणाल्या, 'मला लागूच पडले नाही.' त्यांनीही पुढच्या वर्षी घेतल्या नाहीत. 'बाधणे' आणि 'लागू पडणे' हे दोन वाक्प्रचार आपल्या भाषेत औषधाच्या परिणामाची सारी जागा वाटून घेतात. आणि या औषधाच्या बाबतीत आजीला ते लागू पडले होते, तर शेजारणीच्या अंगात बहुधा ते लागू पडावे असे काही नव्हतेच. वर्गात कोणी 'जंत मरतानाचा ताप' असे सुचवले, कोणी 'औषध लागू पडत असल्याची खूण'. दुसरी सूचना मला आवडली होती. पण एका विद्यार्थ्याने विचारले की, ज्याला ताप येणार नाही तो मग काय समजेल? त्याच्या प्रश्नाला उत्तर सापडले नाही, आणि ते वाक्य आम्ही तसेच सोडून पुढच्या, हात धुण्याच्या, वाक्याकडे वळलो.